बारा गोलांचा ताळेबंद

फुटबॉलचा हंगाम संपला म्हणजे वृत्तपत्रांच्या क्रीडापृष्ठांवर आणि क्लबांच्या कचेऱ्यांतून एक वार्षिक न्यायनिवाडा सुरू होतो. कोणत्या प्रशिक्षकाला मुदतवाढ द्यावी, कोणाला निरोप द्यावा, कोणत्या बचावपटूचा करार राखावा आणि कोणाचा मोडावा, याचे फैसले होतात, आणि बचावफळीपुरते बोलायचे तर या साऱ्या फैसल्यांचा आधार म्हणून गुणतालिकेतला एकच रकाना पुढे केला जातो. संघावर किती गोल झाले, हा तो रकाना. गेल्या वर्षी ३६ झाले होते, यंदा २४ झाले, सबब बचाव सुधारला. गेल्या वर्षी २३ होते, यंदा ३५, सबब बचाव ढासळला. इतक्या सरळ वाटेने हा विचार चालतो. या रकान्याच्या जोरावर माणसांच्या नेमणुका होतात आणि माणसे बरतर्फही होतात, म्हणून त्याची साक्ष कितपत ग्राह्य धरावी याची चौकशी कोणीतरी सावकाशीने करणे अगत्याचे आहे असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

मी ज्या कुंभकोणमात राहून हे लिहीत आहे ते गाव तंजावरच्या मराठी राज्याबरोबर दक्षिणेत उतरलेल्या घराण्यांना परके नाही. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ साली येथेच एका मराठी कुटुंबात जन्मले, आणि श्रीनिवास रामानुजन यांचे शालेय शिक्षणही याच गावात झाले, तेव्हा आकड्यांविषयी अनादर बाळगावा अशी ही भूमी खचितच नव्हे. माझा आक्षेप आहे तो आकड्यांच्या अर्धवट वाचनावर. येथून चेन्नई सुमारे तीनशे किलोमीटरांवर आहे, आणि इंडियन सुपर लीगमध्ये या मुलखाने आपला म्हणावा असा संघ म्हणजे चेन्नईयिन एफसी. २०१५ साली आणि पुन्हा २०१७-१८ च्या हंगामात विजेतेपद मिळविलेल्या या संघाने पुढे जे चढउतार पाहिले, त्यांतून बचावाच्या मोजमापाचा एक असा नामी दाखला मिळतो की त्याहून सोयीचा दाखला मुद्दाम शोधूनही सापडला नसता.

२०२०-२१ आणि २०२१-२२ हे ते दोन हंगाम. दोन्ही हंगामांत चेन्नईयिनने २० साखळी सामने खेळले, दोन्ही हंगामांत २० गुण मिळविले, दोन्ही हंगामांत आठवे स्थान घेतले, आणि दोन्ही हंगामांत प्रतिपक्षावर १७ गोल केले. फरक पडला तो केवळ एका रकान्यात: पहिल्या वर्षी संघावर २३ गोल झाले होते, दुसऱ्या वर्षी ३५ झाले. पहिल्या वर्षीचे प्रशिक्षक चाबा लास्लो हे एका हंगामानंतर संघापासून दूर झाले. दुसऱ्या वर्षीचे बोझिदार बांदोविच यांना तर हंगाम पुरा करण्याचीही मुभा मिळाली नाही, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये एफसी गोवाकडून ५-० असा पराभव पत्करल्यानंतर त्यांची गच्छंती झाली. उरलेले सामने सय्यद साबीर पाशा यांच्या हंगामी अंमलाखाली खेळले गेले. बारा गोल अधिक झाले, तेव्हा बचाव ढासळला, आणि ज्याच्या कारकिर्दीत तो ढासळला तो दोषी, असा हा मामला वरकरणी अगदी स्पष्ट दिसतो.

परंतु कोणत्याही संघावर होणारे गोल हे त्या संघाच्या एकट्याच्या खात्यावर पडत नसतात; ते अकरा संघांनी मिळून खेळलेल्या एका हंगामात पडतात, आणि त्या हंगामाची स्वतःची अशी एक हवा असते. कुंभकोणमच्या भोवतालच्या कावेरीकाठी कुरुवै आणि सांबा ही भातपिके निघतात, आणि येथला कोणताही जाणता शेतकरी एखाद्याच्या शेतातल्या भाताचे उत्पन्न ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारतो तो त्या वर्षी मेट्टूरच्या धरणाचे दरवाजे केव्हा उघडले आणि पाणी शेवटच्या पाटापर्यंत पोहोचले की नाही हा. १२ जूनला पाणी सुटलेल्या वर्षीचे पीक आणि पाण्यावाचून अडलेल्या वर्षीचे पीक एकाच तराजूत घालून तो कोणाच्या कष्टांचा निवाडा करीत नाही. आता हाच प्रश्न आपल्या दोन हंगामांना विचारून पाहू. २०२०-२१ मध्ये साखळीतल्या ११० सामन्यांत सर्व संघांनी मिळून २८६ गोल केले होते, म्हणजे दर संघामागे २६ गोल स्वीकारले गेले. २०२१-२२ मध्ये तितक्याच ११० सामन्यांत ३४४ गोल झाले, म्हणजे दर संघामागे ३१ हून किंचित अधिक. एका वर्षात गोलांचे प्रमाण एकपंचमांशाने वाढले होते, आणि ही वाढ सगळ्यांच्याच दारात आली होती. दोन्ही हंगामांतले साखळी सामने महामारीमुळे गोव्यातल्या फातोर्डा, बांबोळी आणि वास्को येथील तीन मैदानांवर प्रेक्षकांवाचून खेळले गेल्यामुळे स्वतःच्या मैदानाचा लाभ कोणालाच नव्हता आणि ती बाब दोन्ही वर्षी समान होती. परंतु मैदानावर एका वेळी उतरविता येणाऱ्या परदेशी खेळाडूंची संख्या दुसऱ्या वर्षी पाचांवरून चारांवर आली होती, आणि बहुतेक संघांच्या बचावाचा कणा परदेशी मध्यबचावपटूंवरच उभा असल्यामुळे गोलांच्या वाढीचे ते एक कारण असावे असे माझे मत आहे.

कारण काहीही असो, हिशेबाचा परिणाम स्पष्ट आहे. पहिल्या वर्षी चेन्नईयिनवर साखळीच्या सरासरीच्या सुमारे ८८ टक्के गोल झाले होते. तेच प्रमाण कायम राहिले असते, म्हणजे बचाव रतिभरही सुधारला वा बिघडला नसता, तरीही दुसऱ्या वर्षीच्या हवेत त्या संघावर सुमारे २८ गोल झाले असते. सबब ज्या बारा गोलांचे खापर बचावफळीच्या आणि प्रशिक्षकाच्या माथी फुटले, त्यांतले पाच गोल साखळीच्या खात्यावर टाकावे लागतात, आणि आपल्या चौकशीसाठी उरतात ते फक्त सात.

त्याच दोन हंगामांत शेजारच्या केरळ ब्लास्टर्सच्या बाबतीत नेमके याच्या उलट घडले. २०२०-२१ मध्ये त्यांच्यावर ३६ गोल झाले होते आणि संघ दहाव्या स्थानी होता. इव्हान वुकोमानोविच प्रशिक्षक म्हणून रुजू झाले, आणि २०२१-२२ मध्ये त्याच संघाने केवळ २४ गोल स्वीकारून चौथे स्थान आणि पुढे अंतिम सामना गाठला. चेन्नईचे बारा वाढले, केरळचे बारा कमी झाले. रकान्यावरून बोट फिरविणाऱ्याला हे दोन बदल एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे वाटतील. परंतु ज्या वर्षी सगळ्यांचे गोल वाढले त्या वर्षी ज्याने बारा गोल कमी केले त्याचे यश दिसते त्याहून मोठे ठरते, आणि ज्याचे बारा वाढले त्याचा दोष दिसतो त्याहून लहान ठरतो. केरळचा बचाव साखळीच्या सरासरीहून ३८ टक्क्यांनी वाईट होता तो २३ टक्क्यांनी चांगला झाला. चेन्नईचा १२ टक्क्यांनी चांगला होता तो १२ टक्क्यांनी वाईट झाला. बारा गोल आणि बारा गोल यांत इतके अंतर असू शकते.

यापुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि तो टाळण्याकडे आपल्या सर्वांची प्रवृत्ती असते. उरलेल्या सात गोलांत दैवाचा वाटा किती? फुटबॉलमध्ये गोल ही घटना विरळ आहे; दीड तासाच्या खेळात एका संघावर एक किंवा दोन गोल होतात, आणि त्यांतला एखादा बचावपटूच्या पायाला लागून दिशा बदललेल्या चेंडूचा, एखादा पंचांच्या निर्णयाने मिळालेल्या पेनल्टीचा, एखादा खांबाला आपटून आत गेलेल्या फटक्याचा असतो. विरळ घटनांच्या संख्येत केवळ योगायोगाने किती चढउतार होतात याचा नियम फ्रेंच गणिती प्वासाँ यांनी १८३७ साली मांडला. १८९८ साली बोर्टकीविच यांनी तो प्रशियाच्या घोडदळात घोड्यांच्या लाथांनी मेलेल्या शिपायांच्या संख्येला लावून दाखविला. आणि १९५१ साली मोरोनी यांनी सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या आपल्या संख्याशास्त्राच्या ग्रंथात फुटबॉलच्या गोलांकडे याच दृष्टीने पाहिले. नियमाचे व्यावहारिक सार इतकेच की हंगामात सरासरीने जितके गोल अपेक्षित असतील, त्या संख्येच्या वर्गमुळाइतका फरक इकडे किंवा तिकडे पडणे ही अगदी नित्याची गोष्ट समजावी. चेन्नईयिनच्या दोन हंगामांची बेरीज ५८, म्हणजे सरासरी २९. तिचे वर्गमूळ साडेपाचाच्या आत. याचा अर्थ असा की जो बचाव दोन्ही वर्षी अगदी एकाच प्रतीचा आहे, त्याच्यावरही एका वर्षी २४ आणि दुसऱ्या वर्षी ३४ गोल झाले तर कोणा जाणकाराने भुवई उंचावण्याचे कारण नाही. आणि २३ व ३५ हे आकडे त्या पट्ट्याच्या केवळ उंबरठ्याबाहेर आहेत.

हे अधिक नेमके सांगता येते. बचाव बदललाच नाही असे गृहीत धरले, तर दोन हंगामांत बारा किंवा त्याहून अधिक गोलांचा फरक निव्वळ योगायोगाने सुमारे आठ वेळांत एकदा पडेल. आणि साखळीतली सर्वसाधारण वाढ हिशेबात धरली, तर चेन्नईयिनच्या बाबतीत दिसलेला बिघाड पाचांत दोन वेळांहून अधिक वेळा आपोआप घडू शकेल. केरळच्या सुधारणेला हीच कसोटी लावली तर ती योगायोगाने घडण्याचा संभव सुमारे तीस वेळांत एकदा, इतका अल्प ठरतो. हैदराबाद एफसीचा दाखला याहून बोलका आहे: २०१९-२० मध्ये १८ सामन्यांत ३९ गोल स्वीकारून तळाशी गेलेल्या या संघाने पुढल्या वर्षी मानोलो मार्केझ यांच्या हाताखाली २० सामन्यांत अवघे १९ स्वीकारले. येथेही दोन हंगामांची बेरीज ५८ च भरते, आणि तरीही हा बदल केवळ दैवाने घडण्याची शक्यता अडीचशे-तीनशे वेळांत एकदा इतकीच निघते. दुसऱ्या वर्षी साखळीत एकंदरच गोल कमी झाले होते ही सूट दिली तरी ती चाळीस-पंचेचाळीस वेळांत एकदा यापुढे जात नाही. केरळ आणि हैदराबाद यांच्या बाबतीत पुरावा भक्कम आहे, चेन्नईयिनच्या बाबतीत तो संशयाच्या पलीकडे जातच नाही, आणि आपली क्रीडापृष्ठे मात्र तिघांविषयी सारख्याच निःशंक स्वरात बोलतात.

अशा हिशेबांची परंपरा मराठी माणसाला उपरी नाही, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते. दिसलेल्या आकड्यांवरून त्यांच्यामागची कोणती स्थिती अधिक संभाव्य ठरते, या विषयावर १९४८ साली महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध करणारे संख्याशास्त्रज्ञ वसंत शंकर हुजूरबाजार हे मूळचे कोल्हापूरचे. आणि कोल्हापूर म्हणजे महाराष्ट्रात फुटबॉलवर सर्वांत अधिक जीव टाकणारे शहर, जेथे शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे सामने पाहायला पेठांच्या पेठा लोटतात. तेथल्या हंगामात एका संघाच्या वाट्याला येणारे सामने सुपर लीगहून पुष्कळच थोडे असतात, आणि म्हणून एखाद्या तालमीचा बचाव ‘यंदा भक्कम झाला’ हे विधान तेथे तर अधिकच जपून करावयास हवे. सामने जितके थोडे, तितका दैवाचा आवाज मोठा. चेन्नईयिनच्या २०२१-२२ च्या हंगामाचीच सुरुवात पाहा: हैदराबादवर १-०, नॉर्थईस्ट युनायटेडवर २-१ असे विजय, ईस्ट बंगालशी ०-० आणि एटीके मोहन बागानशी १-१ अशी बरोबरी. चार सामन्यांत अवघे दोन गोल. डिसेंबरच्या मध्यास कोणी बांदोविच यांच्या बचावाचे मूल्यमापन करावयास बसला असता तर त्याने त्यांना मानपत्र दिले असते. उरलेल्या सोळा सामन्यांत ३३ गोल झाले.

येथपर्यंत वाचल्यावर कोणी म्हणेल की मग सारेच दैवाधीन ठरवून आपण मोकळे व्हावे, आणि कोणाच्याही कर्तृत्वाचे वा कसुरीचे नाव घेऊ नये. माझे म्हणणे तसे मुळीच नाही. आकड्यांनी आरोप सिद्ध होत नाही याचा अर्थ आरोपी निर्दोष आहे असा होत नाही. त्याचा अर्थ इतकाच की आणखी साक्षीदार बोलवावे लागतात, आणि चेन्नईयिनच्या बाबतीत असे साक्षीदार होते. २०२०-२१ मध्ये या संघाच्या बचावाच्या मध्यभागी दोन परदेशी खेळाडू उभे होते: ब्राझीलचा एली साबिया आणि बोस्नियाचा एनेस शिपोविच. त्या हंगामानंतर दोघेही निघून गेले. साबिया गेला तो जमशेदपूरला, आणि जमशेदपूरने २०२१-२२ मध्ये साखळीतले अग्रस्थान पटकाविताना अवघे २१ गोल स्वीकारले, जे त्या वर्षी सर्व संघांत सर्वांत कमी होते. शिपोविच गेला तो केरळला, ज्यांच्या २४ गोलांचा उल्लेख वर आलाच आहे. केरळच्या सुधारणेचे श्रेय एकट्या शिपोविचला देणे अन्यायाचे होईल, कारण तेथे मार्को लेस्कोविच होता, त्याच्या जोडीला मणिपूरचा तरुण होर्मिपाम रुइवा उभा राहिला, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम गोलरक्षक ठरलेला प्रभसुखन गिल त्यांच्या मागे होता. तरीही ज्या घरातून दोन खांब एकदम निघाले त्या घराचे छप्पर खचले आणि ते खांब जेथे गेले तेथली छपरे सावरली, ही हकीकत रकान्यातल्या बारा गोलांहून मला अधिक बोलकी वाटते. तीवरून माझा फैसला असा: बचाव काही अंशी खरोखरच कमकुवत झाला होता, परंतु त्याचा उगम खेळाडूंच्या भरतीत होता, आणि भरतीचा दोष मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या एकट्या माणसाच्या माथी मारणे रास्त नव्हते.

शिवाय दोन्ही वर्षी केलेले गोल १७ च होते, या बाबीकडे कोणी पुरेसे लक्ष दिले नाही याचे मला खरोखर वैषम्य वाटते. लास्लो यांच्या संघाने २० पैकी ११ सामने बरोबरीत सोडविले होते. त्या वर्षी साखळीत केवळ चार संघांनी त्यांच्याहून कमी गोल स्वीकारले होते, आणि २०१७-१८ च्या विजेतेपदानंतर चेन्नईयिनला लाभलेला तो सर्वांत उत्तम बचाव होता. तथापि आघाडीफळीला गोल करता येईनात, म्हणून संघ आठवा आला; संघ आठवा आला, म्हणून सारा हंगाम वाया गेला असे ठरले; आणि ज्या बचावपटूंनी आपले काम चोख केले होते ते त्या सरसकट निकालात विखुरले गेले. पुढल्या वर्षी साखळीत सर्वत्र गोलांचा सुकाळ असताना चेन्नईयिनचे गोल पुन्हा १७ च राहिले, म्हणजे तुलनेने आघाडीफळीच अधिक मागे पडली होती. गुणतालिकेतल्या स्थानावरून बचावाची पारख केली म्हणजे असे घडते. या संघाची पुढची कहाणीही हेच सांगते: २०२२-२३, २०२३-२४ आणि २०२४-२५ या तिन्ही हंगामांत चेन्नईयिनने नेमके २७ गुण मिळविले, आणि तेवढ्याच गुणांनी तो संघ अनुक्रमे आठवा, सहावा आणि अकरावा आला. सहावा आल्याच्या वर्षी बाद फेरी गाठल्याचे कौतुक झाले. प्रत्यक्षात त्या वर्षी २२ सामन्यांत ३६ गोल, म्हणजे साखळीच्या सरासरीहून २० टक्के अधिक, आणि अकरावा आल्याच्या वर्षी २४ सामन्यांत ३९, म्हणजे सरासरीहून १३ टक्के अधिक. दोन्ही आकड्यांत दैवाला सामावून घेण्याइतकी जागा आहे, म्हणून बचाव सुधारला असे मी ठासून म्हणणार नाही. पण तो बिघडला असे म्हणण्यास तर कोणताच आधार नव्हता.

गोलरक्षकाचा प्रश्न याहून वेगळा आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे. संघावर झालेला गोल हा दोन पायऱ्यांचा परिणाम असतो: आधी बचावफळी प्रतिपक्षाला किती आणि कशा संधी देते, आणि मग त्या संधींपैकी किती गोलरक्षक निष्फळ करतो. रकान्यात या दोन पायऱ्यांची बेरीज तेवढी उमटते. लिव्हरपूलने २०१७-१८ मध्ये ३८ सामन्यांत ३८ गोल स्वीकारले होते आणि २०१८-१९ मध्ये २२. पण त्या दरम्यान जानेवारी २०१८ मध्ये व्हर्जिल व्हॅन डाइक हा बचावपटू आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अॅलिसन हा गोलरक्षक असे दोघे आले, तेव्हा कमी झालेल्या सोळा गोलांची वाटणी या दोघांत कशी करावी हे केवळ २२ या आकड्याकडे पाहून कोणालाही सांगता येणार नाही. आपल्याकडेही चेन्नईयिनचा गोलरक्षक विशाल कैथ २०२२ मध्ये कोलकात्याच्या संघात गेला आणि त्याच हंगामात सर्वोत्तम गोलरक्षकाचा मान त्याने मिळविला. चेन्नईत असताना त्याच्यावर जे फटके येत असत ते अधिक अवघड होते, की त्याचा खेळच पुढे उंचावला, हे ठरविण्यासाठी फटक्यांची नोंद लागते, गोलांची पुरत नाही. अलीकडे ‘अपेक्षित गोल’ या नावाने जे माप प्रचारात आले आहे ते याच कामासाठी: प्रत्येक फटका कोठून, कोणत्या कोनातून, डोक्याने की पायाने, मोकळ्या खेळात की कॉर्नरवरून मारला गेला, याची नोंद करून तशा फटक्यांतले सर्वसाधारणपणे किती गोल होतात हे पाहायचे आणि त्यांची बेरीज घ्यायची. फटके गोलांपेक्षा कितीतरी अधिक असतात, म्हणून या मापात दैवाचा हात आखूड होतो. ते निर्दोष नाही. बचावपटूने योग्य जागी उभे राहून जो फटका मारूच दिला नाही, त्याची नोंद त्यात होत नाही, आणि उत्तम बचावाचे निम्मे कौशल्य अशा न घडलेल्या घटनांतच असते. तेवढ्यापुरता मैदानावर बसून खेळ पाहणाऱ्या जाणत्या डोळ्याला पर्याय नाही.

सुधारणा खरी होती की नाही हे ठरविण्याचा एक मार्ग मात्र कोणत्याही यंत्रावाचून सर्वांना खुला आहे, आणि तो म्हणजे ती टिकते की नाही हे पाहणे. मुंबई सिटी एफसीवर २०२१-२२ मध्ये ३१ गोल झाले, म्हणजे बरोबर साखळीच्या सरासरीइतके. पुढल्या वर्षी डेस बकिंगहॅम यांच्याच हाताखाली तितक्याच सामन्यांत २१ झाले. या एका वर्षावरून मी फैसला दिला नसता, विशेषतः ज्या संघाने त्याच हंगामात ५४ गोल केले त्याच्या बाबतीत, कारण चेंडू सदैव प्रतिपक्षाच्या अंगणात राहिला म्हणजे बचावाची परीक्षाच कमी वेळा होते. अग्रस्थानावर शिक्कामोर्तब करणारा गोव्याविरुद्धचा सामना तर या संघाने तीन गोल स्वीकारून ५-३ असा जिंकला होता. परंतु पुढल्या हंगामाच्या मध्यात बकिंगहॅम इंग्लंडला परतले, पेत्र क्रात्की त्यांच्या जागी रुजू झाले, बचावफळीत तिरीसारखा नवा माणूस आला, आणि एवढी उलथापालथ होऊनही २२ सामन्यांत केवळ १९ गोल झाले, जे त्या वर्षी साखळीत सर्वांत कमी होते. प्रशिक्षक बदलला, खेळाडू बदलले, आघाडीफळीचे गोल ५४ वरून ४२ वर आले, आणि तरीही बचाव टिकला. येथे मी निःशंकपणे म्हणेन की सुधारणा खरी होती आणि ती त्या क्लबच्या खेळण्याच्या पद्धतीत मुरलेली होती. केरळच्या बाबतीत २४ नंतर पुढल्या वर्षी २८ झाले. काही लाभ टिकला, काही ओसरला, आणि अतिशय चांगल्या किंवा अतिशय वाईट वर्षानंतर आकड्याने सरासरीकडे थोडे सरकावे हे नैसर्गिकच आहे.

या साऱ्याचा विचार आता करण्याचे निकडीचे कारण असे की २०२५-२६ चा हंगाम अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि आयोजक यांच्यातल्या कराराच्या पेचामुळे लांबणीवर पडून फेब्रुवारी २०२६ पर्यंत सुरूच होऊ शकला नाही, आणि चौदा संघांच्या वाट्याला प्रत्येकी अवघे तेरा सामने आले. तेरा सामन्यांत सर्वसाधारण संघावर सुमारे १८ गोल अपेक्षित धरावे, तर त्यांत चारांचा फरक निव्वळ योगायोगाने इकडे वा तिकडे पडणार. एकावर १४ होतील, दुसऱ्यावर २२, आणि दोघांचेही बचाव एकाच प्रतीचे असू शकतील. शिवाय प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एकदाच गाठ पडल्यामुळे कोणाला बलाढ्य संघ स्वतःच्या मैदानावर लाभले आणि कोणाला परक्या मैदानावर, हा भेदही या हंगामात बुजून निघत नाही. २४ सामन्यांच्या हंगामातल्या आकड्याशी १३ सामन्यांतला आकडा नुसता भागाकार करून जुळविणे आणि त्यावरून कोणाला शाबासकी वा कोणाला निरोप देणे हे क्लबांच्या व्यवस्थापकांनी टाळावे. क्रीडासंपादकांना माझी विनंती साधी आहे: स्वीकारलेल्या गोलांच्या रकान्याशेजारी त्या हंगामाची साखळीची सरासरी छापा, संघावर आलेल्या नेमक्या फटक्यांची संख्या छापा, गेल्या दोन-तीन हंगामांचे आकडे छापा, आणि बचावफळीत व गोलपुढे कोण आले, कोण गेले, याच्या दोन ओळी त्याखाली द्या. एवढा तपशील अर्ध्या स्तंभात मावतो.